दोन रुपये चाळीस पैशांची खाण

“दादा, दोन रुपये चाळीस पैशांना मिळतोय. दहा रुपये पक्के आहेत. खाली सगळं लोखंड आहे.”

मागच्या पावसाळ्यात दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत आमचा रविवारचा अभ्यासवर्ग संपत आला होता, तेव्हा एका पोराने मोबाइल पुढे करून हे सांगितले. पोरगा मराठवाड्यातला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, दिवसभर अभ्यासिकेत बसतो, मेसचा डबा खातो आणि जाहिरात कधी निघते याची वाट पाहतो. त्याने एका खाण कंपनीचे वीस हजार शेअर दोन रुपयांच्या भावाने घेतले होते. म्हणजे चाळीस हजार रुपये. हे पैसे त्याच्या आईने गावच्या बचतगटातून त्याच्या क्लासच्या फीसाठी उचलले होते. भाव दोन-चाळीस झाल्यामुळे मोबाइलवर आठ हजार रुपये नफा दिसत होता. तो सल्ला विचारायला आलाच नव्हता. तुम्हीही घ्या, हे सांगायला आला होता.

मित्रांनो, लपवायचे कशाला? त्या खोलीत आम्ही अकरा जण होतो आणि आमच्यातल्या दोघांनी तोच शेअर आधीच घेऊन ठेवला होता. चळवळीत वीस-वीस वर्षे काढलेली, सभेत भांडवलशाहीवर तासभर बोलणारी माणसे! म्हणून हा लेख त्या पोराला अक्कल शिकवायला लिहिलेला नाही. त्या दिवशी आम्ही जो हिशोब मांडायला शिकलो, आणि एका मावशीने विचारलेल्या ज्या प्रश्नाने तो हिशोबही अपुरा ठरवला, ते सांगण्यासाठी लिहिला आहे. कंपनीचे नाव देत नाही. नाव बदलले तरी गोष्ट हीच राहते.

पोराकडे आलेला मेसेज असा होता. कंपनीकडे लोहखनिजाचा पट्टा आहे. त्यात ५० लाख टन माल आहे. टनाला ५,००० रुपये भाव. म्हणजे २,५०० कोटींची संपत्ती. एकूण शेअर २५० कोटी. म्हणून एका शेअरची ‘खरी किंमत’ १० रुपये. आणि शेवटी एक ओळ: ‘पुढचा लॉईड्स!’

हा मेसेज पसरतो तो या शेवटच्या ओळीमुळे. गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिज काढणारी लॉईड्स मेटल्स अँड एनर्जी ही कंपनी २०२० साली बाजारात कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. तिचा शेअर वीस रुपयांच्या आत मिळत होता. २०२५ मध्ये तोच शेअर हजार रुपयांच्या वर गेला. हे खरे आहे, कुणी नाकारत नाही. आणि हे खरे आहे म्हणूनच त्याच्या आडून शंभर खोट्या गोष्टी विकता येतात. ज्या खाण कंपन्या दोन रुपयांवरून वीस पैशांवर आल्या, त्यांचे मेसेज कोण फिरवतो?

आमच्यातले एक ज्येष्ठ कार्यकर्ते लगेच म्हणाले, “शेअर बाजार म्हणजे सरळ सरळ जुगार. आपल्या पोरांनी तिकडे बघूच नये.” हे मत चळवळीत अनेकांचे आहे. आम्हाला ते पटत नाही. इंग्लंडमधले शिक्षण अर्धवट टाकून १९१७ मध्ये परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देणारी एक फर्म काढली होती. ती चालू लागली होती. सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइके यायची बंद झाली आणि फर्म बंद पडली. लक्षात घ्या, सल्ला चुकीचा होता म्हणून कुणी निघून गेले नव्हते. जात आडवी आली म्हणून निघून गेले. त्यानंतर १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या या माणसाच्या लेकरांनी ताळेबंद वाचू नये, हे कुठले तत्त्वज्ञान?

आणि आपण नाही म्हटले म्हणून पोरे थांबत नाहीत. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी डिमॅट खाती होती, मार्च २०२५ मध्ये ती १९ कोटींच्या वर गेली. एकेकाळी पुण्याला स्वतःचा शेअर बाजार होता, त्याच सदाशिव पेठेत, कुमठेकर रस्त्यावर. १९८२ मध्ये सुरू झाला, २०१५ मध्ये अधिकृतपणे बंद झाला. त्या बाजारात आपल्या वस्तीतला कुणी दलाल म्हणून बसल्याचे आम्हाला आठवत नाही. आज त्याच पेठेतल्या कॉटवर पडून पोरगा मोबाइलवर शेअर घेतो. दार उघडले ही चांगलीच गोष्ट आहे. पण दार उघडले आणि आत दिवा नाही, अशी अवस्था आहे.

मग आम्ही फळा पुसला आणि हिशोब मांडला. आमच्यातले एक जण बँकेतून निवृत्त झाले आहेत. त्यांनी कंपनीचा वार्षिक अहवाल एक्सचेंजच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतला. तो फुकट मिळतो, हेही आमच्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हते.

पहिला मुद्दा. दोन रुपये चाळीस पैसे म्हणजे स्वस्त, हाच मोठा भ्रम. भाकरीचे चार तुकडे केले की चारशे, यावर तुकड्याची किंमत ठरते, भाकरी तेवढीच राहते. २५० कोटी शेअर गुणिले २.४० म्हणजे ६०० कोटी. बाजार या कंपनीला आज ६०० कोटींची समजतो आहे. आणि अहवालात वर्षाची विक्री किती? दीड कोटी! तीही खनिजाची नव्हे, कसल्या तरी व्यापाराची.

दुसरा मुद्दा. ‘साठा’ हा शब्द. जमिनीत असावे असा अंदाज वेगळा, जवळजवळ भोके पाडून नमुने तपासून बांधलेला अंदाज वेगळा आणि परवानगी, खर्च, भाव सगळे धरून फायद्यात काढता येईल असा साठा वेगळा. या तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर आकडा घटतो. मेसेजमधले ५० लाख टन पहिल्या पायरीवरचे होते. आम्ही उदार होऊन निम्मे, २५ लाख टन, धरले.

तिसरा मुद्दा. टनाला ५,००० हा माल विकल्यानंतरचा भाव. डोंगरातला दगड स्वतःहून रेल्वेत जाऊन बसत नाही. सुरुंग, डिझेल, मजुरी, ट्रक, रेल्वे. लोहखनिजावर १५ टक्के रॉयल्टी. वर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा वाटा. पट्टा लिलावात घेतला असेल तर सरकारला कबूल केलेली बोली. मग आयकर. हे सगळे जाऊन टनामागे ८०० रुपये उरतात असे धरले. २५ लाख टन गुणिले ८०० म्हणजे २०० कोटी. २,५०० कोटींचे २०० कोटी इथेच झाले.

चौथा मुद्दा काळाचा. इथे बँकवाले काका अडकले, टक्केवारीची सूत्रे सांगू लागले आणि पोरे जांभया देऊ लागली. तेव्हा चहा घेऊन आलेल्या मावशी म्हणाल्या, “लिलावाच्या भिशीसारखंच की!” मावशी वस्तीत वीस-बावीस वर्षे भिशी चालवतात. आधी रक्कम उचलणारा तोटा सोसून कमी घेतो, शेवटपर्यंत थांबणारा पूर्ण घेतो. कारण आजचा रुपया आणि चार वर्षांनंतरचा रुपया एक नसतो. गावच्या बचतगटात शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के व्याज लागते. आम्ही १५ टक्केच धरले. खाण पाचव्या वर्षापासून चालू होईल आणि दहा वर्षे दरवर्षी २० कोटी देईल असे मानले. त्या सगळ्याची आजची किंमत आली सुमारे ५७ कोटी. भाव चालला होता ६०० कोटींचा.

पाचवा मुद्दा अहवालाच्या मागच्या पानावर होता. प्रवर्तक आणि त्यांच्या जवळच्यांना १०० कोटी वॉरंट दिलेले. वॉरंट म्हणजे आज पाव रक्कम भरायची आणि दीड वर्षात उरलेली भरून ठरल्या भावाने शेअर घ्यायचा. भाव वाढला तर शेअर घ्यायचा, पडला तर पाव रकमेवर पाणी सोडून मोकळे. पोराला अशी सोय आहे का? ते शेअर आले की भाकरीचे तुकडे ३५० कोटी होणार. वॉरंटमधून येणारे पैसे आणि खाण उभारायचा खर्च यांची आम्ही फिट्टंफाट धरली आणि ५७ कोटींना ३५० कोटींनी भागले.

सोळा पैसे.

खोलीत कुणी बोलेना. पोरगा म्हणाला, “दादा, तुम्ही मुद्दाम कमी धरलंय.” प्रश्न रास्त होता. म्हणून टनामागे ८०० ऐवजी १,६०० धरून पाहिले. तेहतीस पैसे. साठाही निम्म्याऐवजी पूर्ण ५० लाख टन धरला आणि तो त्याच दहा वर्षांत निघेल असे मानले. पासष्ट-सहासष्ट पैसे. आमचा आकडा ब्रह्मवाक्य आहे असे आम्ही म्हणत नाही. पण दोन्हीकडे दुप्पट उदार होऊनही २.४० जवळ येत नसेल, तर उरलेले पावणेदोन रुपये कशाचे? ते फक्त ‘पुढचा लॉईड्स’ या दोन शब्दांचे.

हा खेळ नवा नाही आणि फक्त आपल्याकडचाही नाही. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पोसायडन या कंपनीला निकेल सापडले. काही सेंटांचा शेअर चार-पाच महिन्यांत २८० डॉलरवर गेला. तिथे निकेल खरोखर होते! पण अपेक्षेपेक्षा कमी प्रतीचे, आणि ते बाहेर काढेपर्यंत निकेलचा भावही उतरला. १९७६ पर्यंत ती कंपनी बाजारातून उतरली होती. दुसरी गोष्ट कॅनडाच्या ब्री-एक्सची. इंडोनेशियातल्या बुसांगला जगातला सर्वात मोठा सोन्याचा साठा असल्याचा गाजावाजा झाला, कंपनीची किंमत अब्जावधी डॉलर झाली. मार्च १९९७ मध्ये तिचा भूवैज्ञानिक हेलिकॉप्टरमधून खाली पडून मेला आणि मे महिन्यात स्वतंत्र तपासणीत कळले की तिथे काढण्याजोगे सोनेच नाही. नमुन्यांत बाहेरून सोने मिसळले होते. बुडालेल्यांत कॅनडातल्या शिक्षकांच्या आणि सरकारी नोकरांच्या पेन्शनचा पैसा होता. मोठमोठे तज्ज्ञ फसले तिथे कॉट बेसिसवरचा पोरगा फसला, यात त्याची एकट्याची काय चूक?

आपल्याकडेही सेबीने मार्च २०२३ मध्ये साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरबाबत आदेश काढला, तेव्हा हीच पद्धत समोर आली. आधी थोडी खरेदी, मग यूट्यूबवर कंपनीबद्दल खोट्या बातम्यांचे व्हिडिओ, त्यावर पैसे खर्चून जाहिरात, भोळी गर्दी आली की आतल्यांची विक्री. असे शेअर चढताना रोज वरच्या मर्यादेला अडकतात, घ्यायला मिळत नाहीत, म्हणून हाव वाढते. उतरताना खालच्या मर्यादेला अडकतात, तेव्हा विकायला मिळत नाहीत.

हिशोब संपला असे वाटले तेव्हा मावशी रिकामे कप गोळा करत होत्या. त्यांनी सहज विचारले, “एवढं सगळं मांडलंत. पण तो डोंगर कुणाचा हाय? तिथं कुणी राहत नाय का?”

मेसेजमध्ये याचे उत्तर नव्हते. अहवालात ‘पट्टा’, ‘हेक्टर’, ‘मंजुरी’ हे शब्द होते, गावाचे नाव एका तक्त्यात होते, माणसे कुठेच नव्हती. आणि खरे सांगायचे तर आमच्या फळ्यावरही नव्हती. तास-दीड तास आम्ही खाणीची किंमत काढत होतो, डिझेलपासून रॉयल्टीपर्यंत सगळे वजा करत होतो आणि डोंगरावरची माणसे आमच्या वजाबाकीतही नव्हती. जन्मभर ‘आम्हाला गणतीत घ्या’ म्हणून भांडणारे आम्ही!

म्हणून पुन्हा सुरजागडकडे येऊ. तिथे कंपनीला २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरचा पट्टा मिळाला. तो डोंगर माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचा, दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. २०१३ मध्ये माओवाद्यांनी कंपनीच्या उपाध्यक्षासह तिघांची हत्या केली. डिसेंबर २०१६ मध्ये सत्तरहून जास्त वाहने जाळली. काम बंद पडले. शेअर वीस रुपयांच्या आत होता तो उगीच नव्हता. २०२१ मध्ये पोलीस बंदोबस्तात खाण पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रामसभांच्या हाकेवर हजारो आदिवासी एटापल्लीत आंदोलनाला बसले. २०२३ मध्ये उत्खननाची मर्यादा वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यात आली आणि त्याच वर्षी तोडगट्ट्याला नव्या प्रस्तावित खाणींविरुद्ध महिनोन्‌महिने धरणे चालले. खनिजाच्या ट्रकांची धूळ आणि अपघात आलापल्ली-आष्टी रस्त्यावरच्या गावांच्या वाट्याला आले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तिथे काम आले, कोनसरीला कारखाना आला. १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत स्थानिक कामगारांना कंपनीचे शेअर दिले गेले. आदिवासी कामगार भागधारक होतो, ही गोष्ट आम्ही तुच्छ मानत नाही. पण आमचा प्रश्न आहे की शेअर हातात देणे आणि डोंगराबाबत ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार देणे, या दोन गोष्टी एक आहेत काय? पेसा आणि वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जे दिले आहे, ते भागधारकाच्या मतापेक्षा मोठे आहे.

आणि हा भावनेचा मुद्दा समजू नका, हा मूल्यमापनाचाच मुद्दा आहे. ज्यांना डोंगरावरची माणसे हिशोबात धरायची नसतात, त्यांनी गोव्याकडे बघावे. बेकायदा उत्खननामुळे २०१२ मध्ये तिथल्या खाणी बंद झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. खनिज जमिनीत तसेच राहिले, भागधारकांच्या कागदावरची किंमत मात्र बदलली. खाणीखालचा दगड जितका खरा, तितकाच वरचा माणूस खरा. एक मोजायचा आणि दुसरा सोडायचा, हा हिशोब अर्धवटच राहतो.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा डिसेंबर १९४३ मध्ये ते झरियाच्या कोळसा खाणींच्या भागात गेले, खाणीत उतरले, मजुरांची घरे पाहिली. १९४४ च्या सुरुवातीला कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा अध्यादेश आला. खाणीतून निघणाऱ्या कोळशावर उपकर आणि त्यातून मजुरांची घरे, पाणी, दवाखाने. खनिजाच्या प्रत्येक टनावर तिथल्या माणसाचा हक्क आहे, हे तत्त्व तेव्हाच मांडले गेले. आजचे जिल्हा खनिज प्रतिष्ठान, जे २०१५ च्या कायदादुरुस्तीने आले, ते त्याच तत्त्वावर उभे आहे. आणि १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत असे सुचवले. दोन रुपयांच्या शेअरमागे धावताना आपण त्या मागणीपासून किती लांब आलो, याचाही विचार आपण करायला हवा.

आता त्या पोराचे काय झाले, ते सांगतो. त्या रविवारी त्याने “उद्या विकतो” म्हटले. सोमवारी भाव अजून वाढला म्हणून थांबला. बुधवारी शेअर खालच्या मर्यादेला लागला आणि रोज लागत राहिला. विकायला लाखो शेअर रांगेत, घेणारा कुणी नाही. शेवटी त्याचे वीस हजार शेअर एक रुपया दहा पैशांना गेले. बावीस हजार हाती आले, अठरा हजार गेले. आमच्यातल्या ज्या दोघांकडे तो शेअर होता, त्यांतल्या एकाने अजून विकलेला नाही. हिशोब त्यानेच फळ्यावर उतरवला होता, त्याला तो पटलाही होता, तरी तोटा मान्य करायला हात उचलत नाही. आज भाव पस्तीस पैसे आहे. शिक्षण झाले म्हणजे हाव जाते असे नाही, हे आम्ही आमच्याच माणसाकडून शिकलो.

पोराने आईला अजून सांगितलेले नाही. रात्री डिलिव्हरीचे काम करतो आणि बचतगटाचा हप्ता गावी पाठवतो. रविवारी वर्गाला येतो, मागे बसतो. या पोराला हावरट म्हणणाऱ्यांनी एवढेच सांगावे, की भरती वर्षानुवर्षे रखडत असेल, होते तीही कंत्राटी होत असेल, तर त्याच्यासमोर दुसरी कुठली आशा दोन रुपये चाळीस पैशांना मिळत होती?

आम्ही आता महिन्यातला एक रविवार यासाठी ठेवला आहे. कुठल्याही एका कंपनीचा अहवाल घेतो आणि फळ्यावर मांडतो. एकूण शेअर किती? विक्री कशाची? साठा कुठल्या पायरीवरचा? प्रवर्तक घेताहेत की विकताहेत? मेसेज पाठवणाऱ्याला यात काय मिळते? पण सर्वात वर, पहिल्या क्रमांकावर, मावशींचा प्रश्न लिहिलेला असतो: तिथे कोण राहते?

ज्यांच्या मोबाइलवर असा मेसेज आला आहे, त्यांनी तो घेऊन यावे. ज्यांनी पैसे आधीच लावले आहेत, त्यांनी तर नक्की यावे. लाजू नका, आम्हीही लावले होते. चहा मावशी करतात.

जय भीम!